डॉक्टरीणबाई शिकवायला शिकतात

पूर्णा गावात मढवींच्या घरी कुणाचंही वाक्य आजवर धड शेवटाला गेलेलं नाही. काळूराम मढवींनी "आज जेवायला..." एवढं म्हणावं, तर त्यांची बायको रंजिता आतून "बोंबील!" म्हणून ओरडते. ते बोंबील पुरतं बाहेर यायच्या आत काळूरामांची मोठी बहीण, हौसाआत्या, विचारते, "सुकं का वलं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून मोकळी होते, "सुकंच असंल. वलं कुठं गावतंय आता!" चहूबाजूंनी गोडाउनं उठलीत, त्यांचे कंटेनर दिवसभर हॉर्न मारत जातात, आणि त्या हॉर्नच्या वरताण आवाज काढायची सगळ्या घराला सवय. चुकून घटकाभर शांतता झालीच, तर माणसं एकमेकांची तोंडं बघतात. कोण रुसलं आता?

अशा घरातली पोर डॉक्टर झाली काय नि कलेक्टर झाली काय, तोंड मढवींचंच राहणार. उन्नतीचं तेच झालं. एमबीबीएस झाली, मग मुंबईला बाळंतपणाच्या विषयात पुढचं शिकायला लागली, आणि दुसऱ्या वर्षाची जिल्ह्यातली ड्युटी तिला नेमकी भिवंडीच्या सरकारी हॉस्पिटलात मिळाली. म्हणजे बाई, चैनच की! घरचा डबा, घरची गादी, आणि स्कूटीवर बसलं की मधल्या खड्ड्यांसकट सगळा रस्ता पाठ.

हात मात्र असा गोड, की विचारू नका. अडलेली बाई असो, घाबरलेली असो, उन्नतीनं पोटावर हात ठेवला की तिची अर्धी कळ उतरायची. "रो मत भाभी, मैं हूँ ना. जोर लगाव, अजून थोडं, शाब्बास!" असं एका दमात हिंदीतून मराठीत नि मराठीतून हिंदीत उड्या मारत ती पोर बाहेर काढायची. लूमवाल्यांच्या बायका तर नाव घेऊन विचारत यायच्या, "वो जोर से बोलने वाली डॉक्टरनी है क्या?"

घोडं अडत होतं दुसरीकडेच. हॉस्पिटलात इंटर्न असतात. म्हणजे परीक्षा देऊन नुकतीच वॉर्डात उतरलेली पोरं. पुस्तक पाठ, हात कच्चा. त्यांना शिकवायचं कुणी? तर उन्नतीसारख्या रेसिडेंटांनी, जे स्वतःच अजून शिकतायत. आणि शिकवायचं कसं, ते या बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग जो तो आपल्या घरच्या वळणानं शिकवतो. आता मढवींचं वळण तुम्ही बघितलंच.

उन्नती प्रश्न विचारायची झकास. पण प्रश्नचिन्ह पडायच्या आत उत्तरही तीच द्यायची. इंटर्ननं हातमोजा घातला की म्हणायची, "हं, कर." त्यानं हात पुढे केला की म्हणायची, "असं नाही रे! सरक, मी करते." काम फक्कड व्हायचं, इंटर्न मात्र भिंतीला टेकून मोजे काढायचा. बिचाऱ्यांनी घातलेले मोजे कोरेच्या कोरे फेकले जायचे.

त्यात एक होती हेमाली. टेमघरची पोर, अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक. पहिल्याच दिवशी एका बाळंतिणीच्या खालचा कपडा पुढे धरून उन्नतीनं तिला विचारलं, "सांग हेमाली, किती रक्त गेलं?"

हेमालीनं कपड्याकडे बघितलं, ओठ हलवले.

"अगं, तीनशे मिली तरी गेलं! दिसत नाही का? डोळे कुठे ठेवून आलीस, टेमघरला?"

उन्नतीच्या मनात काही नव्हतं हो. घरात सगळे असंच बोलतात, आणि नंतर एकाच ताटात जेवतात. पण हेमालीच्या घरी बोलणं मोजून मापून. तिनं त्या दिवसापासून जो धसका घेतला, तो घेतलाच. उन्नती वॉर्डात शिरली की ही सलाइनच्या स्टँडमागे. आता सलाइनच्या स्टँडमागे कोण लपतं? पण ही काडी, लपायचीसुद्धा.

आणि गंमत बघा, जे शिकवताना उन्नती सगळ्यात जास्त ओरडायची, तेच तिला सगळ्यात जास्त शिकवायचं होतं. त्याला कारण भावना. ही शेजारच्या गोदूकाकूंची मुलगी, उन्नतीच्या बरोबरीची. दोघी एकाच फ्रॉकात वाढल्या म्हटलं तरी चालेल. जवळच्या शेलार गावात दिली तिला. पावसाळ्याच्या शेवटी तिला भलत्याच घाईनं कळा आल्या, गाडी दाराशी येईस्तोवर बाळ घरातच झालं. बाळ छान रडलं, सगळे खूश. रक्त जात होतं, पण खालच्या जाड गोधडीनं सगळं पिऊन टाकलं. घरच्यांना वाटलं, थोडंच गेलंय, बाळंतपणात जातंच. चहा झाला, पेढे मागवले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भावना पेढा हातात घेऊन तशीच बसलीय, ओठ पांढरे. हॉस्पिटलात आणली तेव्हा उन्नतीच ड्युटीवर. वाचवली तिला, सगळ्यांनी मिळून वाचवली. पण उन्नतीच्या डोळ्यांपुढून ती गोधडी हलेना. कपड्याकडे बघून किती गेलं हे ज्याला कळतं, तो वेळेत धावतो. ही नजर प्रत्येक इंटर्नला, प्रत्येक नर्सला द्यायचीच, असं तिनं पक्कं धरलं.

त्याच सुमाराला मेडिकल कॉलेजातून डॉ. विनिता मॅडम आल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस कापलेले, चष्म्यावरून बघायची सवय. त्यांचं कामच मुळी रेसिडेंटांना शिकवायला शिकवायचं. हॉस्पिटलात एक नवी खोली तयार होत होती. तिथं रबरी बाहुल्या, नकली बाळं, इंटर्ननी हात साफ करायचा तो पेशंटवर नव्हे, आधी इथं. ती खोली एका रेसिडेंटकडे सोपवायची होती. शनिवारी ज्याला हवी त्यानं छोटा वर्ग घ्यायचा, मॅडम ठरवणार.

उन्नतीनं हात वर केला तो जवळजवळ पंख्याला लागला.

मॅडमनी दोन दिवस वॉर्डात तिच्या मागे मागे फिरून सगळं बघितलं होतं. त्यांनी तिला चहाला बोलावलं.

"उन्नती, माझी लेक बाळंतपणाला आली, तर तिला तुझ्याच हातात देईन."

"थँक्यू मॅडम! मी खरं सांगू का, मला..."

"थांब. पण वर्ग तुझ्या हातात द्यायला मी घाबरते."

उन्नतीचा कप तोंडाशीच राहिला.

"तू काल सकाळी इंटर्नना बरेच प्रश्न विचारलेस. एकाचं तरी उत्तर त्यांच्याकडून आलं?"

"मॅडम, ते बोलतच नाहीत ना! मग मी..."

"तू बोलू देतेस? प्रश्न विचारला की आपण गप्प बसायचं. समोरच्याच्या डोक्यात चाक फिरतंय ते दिसत नाही, ऐकू येत नाही, पण फिरतं. तू मध्येच ब्रेक लावतेस. शनिवारी मला तुझं ज्ञान बघायचं नाहीय. तू गप्प किती बसतेस ते बघायचंय."

घ्या! मढवींच्या पोरीला सांगायचं, गप्प बस. माशाला सांगावं, झाडावर चढ.

त्यात विशालनंही नाव दिलेलं. विशाल म्हणजे उन्नतीच्याच बरोबरचा रेसिडेंट, इस्त्रीतला गडी. बोलायचा तर टीव्हीवरच्या बातम्या वाटायच्या. सगळे म्हणत होते, खोली त्यालाच. उन्नतीचा जीव टांगणीला लागला. मुंबईला परत जायच्या आत भिवंडीत हे एक काम तिला करून जायचं होतं, आणि मध्ये आडवं काय, तर स्वतःचंच तोंड!

पण पोर हार मानणारी नव्हे. शेलारला काळूरामांच्या दोस्ताचे लूम आहेत. तिथून तिनं मागावरून नुकताच उतरलेला कोरा कपडा आणला. आईचे जुने परकर काढले, चादर फाडली. गुलाबाचं सरबत, त्यात बिटाचा रस, आणि घट्टपणाला साबुदाण्याची पेज. रक्त कसं दिसायला हवं, ते करून करून तिनं स्वयंपाकघराची पार दैना केली. रंजिता कपाळाला हात लावून बघत राहिली.

"अगो, डॉक्टरकी करतंस का सरबताचा गाडा टाकतंस?"

"आई, तू बस इथं. आत्या, तू पण. तुम्ही माझे इंटर्न."

हौसाआत्या खूश. पदर खोचून ऐटीत खुर्चीवर बसली. उन्नतीनं लाल झालेला परकर पुढे धरला.

"सांगा बघू, या कपड्यात..."

"ईस रुपयांचा सरबत," आत्या म्हणाली.

"आत्या, प्रश्न तरी पुरा होऊ दे! या कपड्यात किती रक्त असेल? नीट बघा. अगं अर्धा लिटर आहे, दुधाच्या पिशवीएवढं! बघा ना, कडेपर्यंत भिजलंय!"

रंजिता हसायलाच लागली. "आमी कवा बोलायचा? तूच इचारतंस नि तूच सांगतंस."

"मना बोलू देत न्हाय ही," आत्या म्हणाली, "नि हिला मॅडम बोलू देत न्हाय. झाली बराबरी!"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. उन्नतीनं ओठ आवळून बघितले, जीभ दाताखाली धरून बघितली. पण उत्तर नाकातून बाहेर येईल की काय असा तिचा चेहरा व्हायचा. शेवटी हौसाआत्याच उठली, तांब्या घेऊन आली.

"हा घे. प्रश्न इचारलास का तोंडान पाणी भर. आमी बोलंस्तवर गिळायचा न्हाय."

आता हा काही मेडिकल कॉलेजातला उपाय नव्हे. पण लागू पडला! प्रश्न विचारला, घोट भरला, गाल फुगवून उभी राहिली. आत्या विचार करत बसली मुद्दाम. मजा बघत. उन्नतीचे डोळे वटारलेले, गाल टम्म, हातानं खुणा. "म्म्म!"

"काय म्म्म? मी इचार करतंय!"

पहिल्या वेळी पाणी फुस्सकन बाहेर. दुसऱ्या वेळी गिळलं. असं करता करता तांबे रिकामे झाले आणि पोरगी जरा वेळ तग धरायला लागली. कपडे मग रात्रभर वाळायला गच्चीवर टाकले. गोड सरबताच्या वासानं मुंग्यांची रांग थेट पाण्याच्या टाकीपासून.

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. कारण दुसऱ्या दिवशी होता मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार.

घरोघर घट मांडलेले. उपास, पूजा, उद्यापन. त्या महिन्यात गुरुवारी गावात अंड्याचं टरफल दिसलं तरी बोभाटा होतो. आणि सकाळी सकाळी गोदूकाकू आपल्या गच्चीवर तुळशीला पाणी घालायला चढल्या, तर समोर मढवींच्या दोरीवर लालभडक, ठिबकलेले कपडे एका रांगेत!

गोदूकाकूंनी हाक मारून विचारायचं ना? पण विचारायला त्यांचं मन धजेना. सांगायला मात्र धजलं. दुपारपर्यंत आळीत बातमी अशी, की काळूरामानं गुरुवारचा बकरा कापला. संध्याकाळपर्यंत बकऱ्याचे दोन झाले. कुणी म्हणालं, गोडाउनवाल्या पार्टीला जेवण असंल. कुणी म्हणालं, देवीचा कोप व्हईल सगळ्या आळीवर.

तिकडे रंजितानं हळदीकुंकवाला बायका बोलावलेल्या. आल्या की सगळ्या! एरवी दोघी-चौघी टाळाटाळ करतात, त्या दिवशी ओटा भरून बायका. हातात केळं घेतलं, कपाळाला कुंकू लावून घेतलं, आणि सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे. वास येतो का?

शेवटी गोदूकाकूंनीच तोंड फोडलं. "रंजिते, खरा सांग. गच्चीवं काय हाय?"

"गच्चीवं? कपडे."

"कसले कपडे? आमी आंधळ्या न्हाय! आज घट मांडलास नि आजच बकरा..."

"बकरा?" हौसाआत्या उसळली. "गोदे, तुज्या डोल्यांन बकरा! ते सरबत हाय सरबत!"

"सरबत कवापासून दोरीवं वालत घालतात?"

मग जो कल्लोळ उठला, तो काय सांगावा. काळूराम बिचारे कंटेनरवाल्याशी फोनवर बोलत आत आले आणि तसेच मागल्या पावली बाहेर गेले. ड्युटीवरून नुकतीच आलेली उन्नती धावत वर गेली, वाळलेला एक परकर बादलीतल्या उरलेल्या सरबतात पुन्हा भिजवला, आणि कपडे, परात, बादली सगळं खाली आणून ओट्याच्या मधोमध मांडलं. मोठ्यानं म्हणाली, "काकू, बकरा नाही! मी शिकवायची प्रॅक्टिस करतेय. आता तुम्ही सगळ्या आलाच आहात, तर माझा एक प्रश्न. हा परकर नीट बघा. बाळंतीण बाईचा आहे असं समजा. किती रक्त गेलंय?"

आणि तिनं तांब्या उचलून तोंडात घोट भरला.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "वाटीभर," एकजण म्हणाली. "वाटीत न्हाय मावायचा, पेलाभर." "काय पेला! चार चमचे सांडला तरी एवढा दिसतो."

उन्नती गाल फुगवून उभी. सांगायला जीव कासावीस, पण तोंडात पाणी.

गोदूकाकू तिच्याकडे बारकाईनं बघत होत्या. "ही बोलत न्हाय म्हंजे आपला चुकलाय," त्या म्हणाल्या. पुढे झाल्या, परकर परातीवर धरला आणि पिळला. पिळला, पुन्हा पिळला. रंजितानं दुधाची रिकामी पिशवी आणली. त्यात ओतलं. पिशवी भरली, वरून सांडलं, आणि परकर अजून ओलाच होता.

ओट्यावरच्या सगळ्या बायका पिशवीवर वाकल्या.

गोदूकाकू हातातला परकर सोडेनात. "भावनाची गोधडी," त्या हळूच म्हणाल्या. "ती तर यापरीस भिजली व्हती. नि आमी बोललो, थोडाच गेलाय." मग उन्नतीकडे वळून दरडावल्यासारखं म्हणाल्या, "हा सगळ्यांना शिकव. पोरींना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना. नि ता पाणी गिल आता, गाल फुटतील!"

उन्नतीनं गिळलं. तिला कळलं, की काकूंना हे तिनं सांगून कधीच पटलं नसतं. काकूंच्या स्वतःच्या हातांनी त्यांना सांगितलं होतं. हे तिला इतकं भारी वाटलं, इतकं भारी, की रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं ते घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं.

शनिवार उजाडला. हॉस्पिटलातल्या त्या नव्या खोलीत इंटर्न ओळीनं बसलेले, मागे विनिता मॅडम आणि वॉर्डातल्या नर्स. विशालनं आधी वर्ग घेतला. पडद्यावर रंगीत चित्रं, बाणबिण, आकडे. छानच घेतला हो, त्यात काही खोटं नाही. इंटर्ननी मान डोलावली, वह्यांत उतरवलं.

मग उन्नती उठली. दोरी बांधली, कपडे टांगले. कोरा लूमचा कपडा, परकर, चादरीचा तुकडा, सगळे ताजे रंगवलेले, कशात किती ओतलंय ते फक्त तिला ठाऊक. कुणी लग्नाला निघावं तशी आत्यानं पाण्याची बाटली भरून दिलेली.

"बाळंतपण झालंय. हा कपडा तुमच्या हातात आलाय. किती रक्त गेलं असेल? ज्याला वाटेल त्यानं सांगा." घोट. गाल टम्म.

कुणी बोलेना. इंटर्न वाट बघत होते की आता उन्नती मॅडमच सांगतील, नेहमीसारखं. मॅडम सांगेनात! पोरं चुळबुळायला लागली. एकानं हळूच शेजाऱ्याला कोपर मारलं. उन्नतीच्या कपाळावर घाम. तिला वाटलं, संपलं, वर्ग गेला. विशाल घड्याळ बघतोय, विनिता मॅडम चष्म्यावरून बघतायत.

मग शेवटच्या खुर्चीवरून, ऐकू येईल न येईल असा आवाज आला.

"दोनशे?"

हेमाली! सलाइनच्या स्टँडमागची हेमाली! आणि उत्तर साफ चुकलेलं. त्या कपड्यात सहाशे होतं. उन्नतीच्या आतून "अगं कायऽऽ!" असं जे काही उसळलं, ते आणि पाणी घशात एकदमच भेटले. जोराचा ठसका लागला. कारंजं उडालं ते सरळ तिच्याच ॲप्रनवर, आणि थोडं पुढच्या ओळीतल्या पोराच्या चष्म्यावर.

आणि खोली हसण्यानं फुटलीच. चष्मेवाला पोरगा हसला, नर्स हसल्या, विनिता मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. हेमालीसुद्धा हसली, हसता हसता उभी राहिली.

"मॅडम, मी चुकले ना?"

उन्नती खोकत होती. बोलायचं मनात असूनही बोलता येईना. तेच बरं झालं, कारण हेमाली पुढचं बोलली. "मग मी हे तोलून बघू का?"

कोपऱ्यात नवजात बाळांचा वजनकाटा होता. उन्नतीनं आखलं होतं कपडा पिळून दाखवायचं, ओट्यावर काकूंनी केलं तसं. त्याची परात समोर तयार होती. काटा? तो तिच्या डोक्यातच आलेला नव्हता. तिचा हात परातीकडे गेला. आता उन्नती कपडा हिसकावणार असं विशालला वाटलं, मॅडमना वाटलं, हेमालीलाही वाटलं. हेमालीनं दोरीवरचा कपडा काढून छातीशीच धरला.

उन्नतीनं परात उचलली आणि टेबलाखाली सारली.

"तोल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मग काय! कपडा काट्यावर गेला. "अगं पण ओल्या कपड्याचं वजन धरतेयस तू!" चष्मेवाला ओरडला. "कोरा कपडा पण तोल, तो वजा कर!" "कोरा कुठाय?" "तो काय, बंडलात!" "तेवढ्याच मापाचा काप!" "कात्री द्या रे!" सगळे काट्याभोवती. कुणी खुर्चीवर चढलं. एक म्हणतो काटा शून्यावर आणा, दुसरी म्हणते आणलाय, तिसरा म्हणतो रक्त पाण्याहून किंचित जड. आकडा आला तेव्हा हेमालीनं तो इतक्या जोरात सांगितला, की बाहेरच्या वॉर्डातून एक आया डोकावून गेली. काय झालं म्हणून.

"सहाशे! आणि मी दोनशे म्हटलं! म्हणजे मी एक आख्खी बाई घालवली असती!"

"आता चादर," कुणीतरी म्हणालं. "आधी अंदाज, मग काटा. मी म्हणतो चारशे." "मी पाचशे." "हेमाली, तू?"

उन्नती मध्ये उभी, ॲप्रन भिजलेला, बाटली लवंडलेली. कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. तिला वाटलं आपण घरीच आहोत. इतका आनंद, इतका आनंद झाला, की पायच ठरेनात. ती नुसती या पोराकडून त्या पोरीकडे बघत होती.

वेळ संपल्याची टिचकी मॅडमनी टेबलावर मारली. आणि तेव्हा उन्नतीनं घड्याळ बघितलं. अर्धाच वर्ग झालेला! रक्त जास्त गेलं की पुढे काय करायचं, ते सगळं राहूनच गेलं. विशालचा वर्ग कसा आरंभापासून शेवटापर्यंत. हिचा म्हणजे नुसता बाजार.

विनिता मॅडम उठल्या. त्यांनी उरलेलं सरबत एका चादरीवर आपल्या हातानं ओतलं, कुणाला माप न दाखवता, आणि इंटर्नना एकेक करून विचारलं. सगळे मापाच्या जवळपास आले. एकजण चुकला, पण तो जास्तीकडे चुकला, कमीकडे नाही.

"जास्तीकडे चुकलेला डॉक्टर धावत सुटतो," मॅडम म्हणाल्या. "तो मला चालेल." मग उन्नतीकडे वळल्या. "वर्ग अर्धवट राहिला तुझा."

"हो मॅडम. ते पाणी... म्हणजे मी..."

"उरलेला अर्धा याच खोलीत घे. खोली तुझी."

उन्नतीनं किंकाळी मारली. डॉक्टरीणबाईंनी, ॲप्रन घालून, हॉस्पिटलात! विशालनंच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, हे सांगायला हवं.

"थांब, नाचू नकोस," मॅडम म्हणाल्या. "एक अट. सोमवारी इंटर्नची नवी तुकडी येतेय. पहिला वर्ग तू घ्यायचा नाहीस. हेमाली घेईल. तू तिला तयार कर."

हेमाली पांढरीफटक. उन्नती त्याहून. "मॅडम, ती? अजून ती..."

"तू अजून कुठे झालीस? तरी तू शिकवलंस ना?"

रविवारभर त्या दोघी खोलीत. काय बोलल्या, काय ठरवलं, देव जाणे. पण उन्नती घरी आली ती चक्क कमी बोलत होती, आणि रंजितानं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सोमवारी उन्नती सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली, नव्या इंटर्नांच्या पाठीमागे. हेमाली पुढे. आवाज बारीकच, पण थांबला नाही. कोरा कपडा झाला, चादर झाली. नवी पोरं चुकली, तोलली, ओरडली, पुन्हा तोलली. उन्नतीला वाटलं, झालं, आता पुढचा भाग.

पण हेमालीनं आपल्या पिशवीतून आणखी एक कपडा काढला. तिच्या आईचा काळा परकर. हे काही रविवारी ठरलेलं नव्हतं.

"हा सांगा," ती म्हणाली. "आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका काळं, गडद नेसतात. यात किती?"

परकर नुसता जरा ओलसर दिसत होता. लाल कुठे नावालाही नाही. नवी पोरं गोंधळली. हेमालीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मागच्या खुर्चीवर आणून ठेवली.

"उन्नती मॅडम, तुम्ही सांगा."

उन्नती उठून पुढे आली. कपड्याभोवती फिरली, वाकून बघितलं, पारखून बघितलं. ज्या नजरेचा तिला गर्व होता, ती सगळी पणाला लावली. "अडीचशे," ती म्हणाली. "फार तर तीनशे."

हेमालीनं परकर उचलला, काट्यावर ठेवला आणि ती बाजूला झाली. उन्नतीनं आकडा वाचला, हेमालीनं आधीच टिपून ठेवलेलं कोऱ्या परकराचं वजन वजा केलं, पुन्हा वाचला. सातशे.

"चुकले!" ती ओरडली. दोन्ही हातांनी हेमालीचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "अगं बाई, चुकले मी! निम्म्याहून जास्त चुकले! अगं, हे तर मलाच येत नव्हतं! थांब, सिस्टरना बोलव, विशालला बोलव, सगळ्यांना बोलव! आणि तू पुन्हा पहिल्यापासून घे!"